दादाच्या उंचीची सीट

आमच्या घरी सायकल एक होती आणि ती चालवणारे दोघे होतो, मी आणि माझा चुलतभाऊ. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि उंचीने वीतभर जास्त. त्यामुळे सीट दिवसातून दोनदा हलवावी लागे. सकाळी माझ्यासाठी खाली, दुपारी त्याच्यासाठी वर.

फरक फार नव्हता, चार बोटांचा. पण त्या चार बोटांपायी मला जेवढा त्रास झाला, तेवढा कॉलेजच्या गणितानेही दिला नसेल. सायकल जुनी होती. सीटखालचा पाइप गंजून फ्रेममध्ये कायमचा अडकला होता, तो तसूभरही वरखाली होत नसे. मग पाइपच्या वरच्या टोकाला जी क्लिप असते, जी सीटला धरून ठेवते, तीच सैल करून त्या तोकड्या टोकावर वर किंवा खाली सरकवायची. त्या क्लिपमधून आरपार एकच बोल्ट होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नट. एवढ्या एका बोल्टवर सगळं अवलंबून होतं. सीटची उंची, तिचं नाक वर की खाली, आणि ते नाक सरळ हँडलकडे बघतंय की गल्लीतल्या नळाकडे. उंची जमवली की नाक वर व्हायचं. नाक दाबून बसवलं की सीट डावीकडे फिरायची. ती सरळ करेपर्यंत उंची पुन्हा गेलेली असायची. क्लिपच्या आतल्या चकत्यांना बारीक दात असतात, एकमेकांत रुतून बसणारे. आमच्या क्लिपचे दात झिजून नुसते ओरखड्यांसारखे राहिले होते.

मी सायन्सला होतो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीतून पार स्टेशनच्या पुलापलीकडे जायचं, साडेसातचा पहिला तास. सहा वाजता मी अंगणात पाना घेऊन बसायचो. उजवीकडचा नट जोर लावून पुरता आवळायचा, मग डावीकडचा. डावीकडचा आवळताना उजवीकडचं काहीतरी कचकन सुटायचं आणि सीट मान टाकायची. असं तीन-चारदा झालं की आतून हातमागाचा खटखट आवाज थांबायचा आणि दादा बाहेर यायचा. त्याला मी दादाच म्हणायचो.

"सरक तिकडं, कॉलेजवाले."

"मी करून राहिलो ना दादा."

"तू करशीन तवरी तुया तास सुटून जाईन."

तो खाली वाकायचाही नाही. उभ्याउभ्याच पाना घ्यायचा. इकडचा नट अर्धा फेरा, तिकडचा अर्धा फेरा, पुन्हा इकडचा, पुन्हा तिकडचा. हे करताना त्याचं लक्ष भलतीकडेच असायचं. समोरच्या घरच्या शेळीशी बोलायचा किंवा माझ्या पुस्तकाचं वरचं पान चाळायचा. मग सीटवर एक थाप मारायचा, आणि ती बसलेली असायची. दुपारपर्यंत हलत नसे.

याचा मला आनंद व्हायला हवा होता, कारण मी वेळेवर निघत होतो. पण खरं लिहायचं तर मला ती थाप ऐकवत नसे.

एकदा बाबांनी आतून, मागाच्या खड्ड्यात बसल्याबसल्या, मान वर न करता म्हटलं, "त्याच्या हाताले ताण समजते."

एवढंच. ते कोणाला उद्देशून बोलले तेही मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. आम्ही विणकर. ताणीचा, म्हणजे मागावरचा उभा धागा किती ओढला म्हणजे तुटत नाही आणि किती सोडला म्हणजे झोल पडत नाही, हे ज्याच्या बोटांना कळतं तो माणूस. बाकीचे सगळे अजून व्हायचे. मला लहानपणी दोन वर्षं मागावर बसवून पाहिलं होतं. माझ्या हातून धागे तुटायचे. एका दिवसात इतके तुटले की बाबांनी मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, "जाय, शाळेचं कर." नंतर दादा उमरेडहून आला. त्याचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, गेल्यावर बाबांनी त्याला आणलं होतं. तो माझ्या जागेवर बसला आणि महिन्याभरात किनार काढू लागला. मला कॉलेजात घातलं ते माझं डोकं चांगलं म्हणून, की माझे हात वाईट म्हणून, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

माझा सगळ्यात मोठा हेवा मात्र शनिवारचा होता. आठवड्याची तयार लुगडी शनिवारी दुपारी इतवारी बाजारातल्या शेटजींच्या गादीवर, म्हणजे पेढीवर, पोचवायची असत. बाबा हात साबणाने धुवायचे, पुसायचे, वाळवायचे. लुगड्यांची थप्पी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधायचे. मग तो गठ्ठा दोन्ही हातांवर घेऊन दारात यायचे आणि दादाच्या हातांवर ठेवायचे. पाळण्यातून पोर उचलून दिल्यासारखं. एक क्षण गठ्ठा चार हातांवर असायचा. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि तो क्षण दर शनिवारी पाहायचो. त्या गठ्ठ्यासाठी बाबांनी एकदा तरी माझ्याकडे हात करावेत, एवढीच माझी इच्छा होती. बाकी मला काही नको होतं असं नाही, पण तेवढं तर हवंच होतं.

एकदा धीर करून म्हणालो, "बाबा, या शनिवारी मी जाऊ काय? मले कॉलेज नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"तुया हातानं सीट तं बसत नाही गा. रस्त्यात माल घेऊन कुठं उभा राहशीन?"

दादा हसला. "जाऊ द्या काकाजी, त्याले साहेब व्हायचं आहे. साहेब लोक गठ्ठे उचलतात काय?"

मी तिथेच ठरवलं की दोष माझ्या हातांचा नाही, क्लिपचा आहे, हे बाबांना पटवायचं. आम्हाला वर्गात त्या महिन्यात घर्षण शिकवत होते. मी वहीच्या मागच्या पानावर क्लिपची आकृती काढली, दात काढले, बाण काढले. जेवताना बाबांना समजावून सांगितलं की दात झिजल्यामुळे घर्षण कमी झालं आहे, आणि कमी घर्षणावर माणसाचं वजन पेलणं शक्य नाही. नवी क्लिप घ्यायला पाहिजे. बाबांनी घास चावून पूर्ण होईपर्यंत ऐकलं.

"मंग त्याच्या हातानं कशी बसते?"

मी भात कालवू लागलो. आई वरण वाढता वाढता म्हणाली, "जेवू द्या जी पोराले." ती माझी बाजू घ्यायची तेव्हा मला अजूनच लहान वाटायचं.

त्या दिवसांत सकाळची सीट मी हट्टाने स्वतःच बसवायचो आणि स्टेशनच्या पुलाचा चढ बहुधा उभ्यानेच चढायचो. बसलो की सीटचं नाक वर उठायचं आणि मी मागे कॅरिअरवर घसरायचो. वर्गातली मुलं नव्या सायकलींवर मला मागे टाकून जायची. त्यांचा हेवा वाटायचा, नाही कसं, पण तो पूल संपेपर्यंत टिकायचा. त्यांच्या सायकली त्यांच्या वडिलांनी विकत आणल्या होत्या. दादाची तीच सायकल होती जी माझी होती, आणि ती त्याच्याखाली वेगळी वागायची. हा हेवा मी वर्गातही घेऊन बसायचो.

कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली एक सायकलवाला मिस्त्री बसायचा. एका शनिवारी सकाळी शेवटचा तास झाल्यावर मी तिथे सीटशी झटत होतो. तो बराच वेळ पाहत राहिला, मग उठून आला. क्लिपला बोट लावलं, बोटाला लागलेला गंज पाहिला.

"कितने साल से तेल नहीं डाला, भैया?"

याचं उत्तर होतं: कधीच नाही. आमच्या घरची ती रीतच होती. सायकलीला चेनच्या वर कुठे तेल लावायचं नाही. चेनला दादा महिन्यातून एकदा काडीने थेंब थेंब लावायचा आणि चिंधीने पुसून कोरडी करायचा. सीटच्या मागेच कॅरिअर, कॅरिअरवर लुगडी. तेलाचा एक ठिपका किनारीला लागला की ते लुगडं गेलं. किनारीच्या रेशमाला लागलेलं तेल निघत नाही. म्हणून आमची सायकल कुरकुरायची, गंजायची, आणि गल्लीतल्या सगळ्याच विणकरांच्या सायकली तशाच कुरकुरायच्या. दुरून आवाजावरून कळायचं की आपल्यातला कोणी येतो आहे.

हे सगळं मला माहीत होतं. मिस्त्रीने कुप्पी उचलली तेव्हा मी "नको" म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "थोडासाच."

त्याने दोन्ही नटांवर आणि चकत्यांच्या मधे तेल सोडलं, नट फिरवून आत मुरवलं. आणि मग काय सांगू! नट बोटांनी फिरू लागले. मी त्याच्या पान्याने सीट बसवली, पहिल्याच खेपेत. नाक सरळ, उंची बरोबर. वरचं तेल रुमालाने पुसून काढलं, दिसू नये म्हणून. म्हणजे मी काय करतो आहे ते मला पुरतं समजत होतं.

घरी आलो तेव्हा दादा अजून मागावर होता. त्याने मागायच्या आधीच मी सीट चार बोटं वर केली, दोन्ही नट आवळले आणि त्याच्यासारखीच वरून थाप मारली. बाबा हात पुसत दारात आले होते. त्यांनी सीटकडे पाहिलं, ती हाताने हलवून पाहिली. हलली नाही.

"तू बसवली?"

"मीच बसवली, बाबा."

"हं," बाबा म्हणाले.

त्या एका हुंकारावर मी दुपारभर तरंगत होतो. दादाने गठ्ठा कॅरिअरला बांधला, टांग मारली आणि निघून गेला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहिल्यांदाच मला पाहावंसं वाटलं नाही.

तो संध्याकाळी परत आला तेव्हा कॅरिअरवर फडकं होतं आणि फडक्यात एक लुगडं. शेटजींच्या मुनीमाने परत केलेलं. बाबांनी ते ओट्यावर उलगडलं. फिक्या पिवळ्या रंगाचं, गडद लाल किनारीचं. किनारीला लागून पिवळ्या भागावर एक डाग होता, आणि तो ठिपका नव्हता. अंगठ्याचा होता. रेषा मोजता आल्या असत्या.

"हे काय होय?"

दादा म्हणाला, "रस्त्यात सीट खाली आली काकाजी. मोमीनपुऱ्यापाशी उतरून बसवली."

"अन् हात?"

"पुसले होते दुपट्ट्याले."

"पुसले होते तं हे काय होय? तुया बापानं तुले हेच शिकवलं काय? मालाले हात लावायच्या आधी कोणता हात कुठं गेला हे समजत नाही तुले, एवढा मोठा झाला तरी?"

बाबांनी दादाला असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गेलेल्या भावाचं नाव काढून तर कधीच नाही. नेहमी त्या कोरड्या क्लिपचा गंज बोटांना लागायचा आणि दुपट्ट्याला पुसला की जायचा. तेल पुसल्याने जात नाही. तेलामुळेच त्या झिजलेल्या दातांची उरलीसुरली पकड सुटली होती, माणसाचं वजन पडताच सीट घसरली होती. आकृती काढून बाण काढणाऱ्या मला हे आधी कळायला हवं होतं.

पण तेव्हा माझ्या मनात हे काही नव्हतं. मी पुस्तकात तोंड घालून बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं. दादा मान खाली घालून उभा होता, बाबांचा आवाज त्याच्यावर चढत होता, आणि मला आतून बरं वाटत होतं. हे लिहायला मला फार वेळ लागला आहे. लिहून झाल्यावर खोडावंसंही वाटतं. पण तसंच होतं.

मग दादाने उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं, फार तर दोन श्वासांइतकं. आणि बाबांकडे वळून म्हणाला, "चुकलं काकाजी."

बस. दुसरं काही नाही.

त्या रात्रीचं नाही सांगत, पण दुसऱ्या दिवसापासून मला एक नवाच त्रास सुरू झाला. त्याला सगळं कळलं होतं आणि तो बोलला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्या शब्दालाच सांगून टाकलं असतं. म्हणजे यातही तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच निघाला. मला त्याचे आभार मानावेसे वाटायला हवे होते. मला त्याचा हेवा वाटला.

आईने ते लुगडं रिठ्याच्या पाण्यात, मग बेसन लावून धुऊन पाहिलं. डाग फिका झाला, गेला नाही. शेवटी ती म्हणाली, "आता हे मीच नेसतो." लग्नापासून तिने या मागाच्या कांड्या, धाग्याच्या नळ्या, भरल्या होत्या, पण या मागावरचं लुगडं तिच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. ते विकायचं असे. शेजारणीने विचारलं तर हसून म्हणाली, "मले तं फायदाच झाला वं बाई!" ती पाणी भरायला वाकली की तो अंगठा बरोबर तिच्या कमरेपाशी दिसायचा. मी नजर दुसरीकडे वळवायचो.

पुढच्या शनिवारी बाबा गठ्ठा घेऊन दारात आले आणि दादाकडे न जाता माझ्यासमोर उभे राहिले.

"हात धुतले काय?"

"धुतले."

"दाखव."

मी दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. त्यांनी वासही घेतला. मग गठ्ठा माझ्या हातांवर ठेवला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो क्षण आला आणि गेला. गठ्ठा माझ्या कल्पनेपेक्षा जड होता. बाबांचे हात लगेच सुटले.

तेल अजून आत होतंच. सीट गांधीबागेपर्यंत टिकली आणि मग नाक खाली घालू लागली. हात घाण होतील म्हणून मी तिला हात लावू शकत नव्हतो. मी उभ्याने पेडल मारत, घामाने निथळत इतवारीत पोचलो. गादीवर मुनीमजी पांढऱ्या चादरीवर बसले होते. चष्म्याच्या वरून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं.

"वो लंबा नहीं आया?"

"मी आलो आहे. भाऊ आहे त्याचा."

"खोलो."

एकेक लुगडं उलगडून उजेडाला धरायचं, दोन्ही हात वर ताणून. मुनीमजी खालून किनार पाहत जाणार, बोटाने सुताची वीण चाचपणार. मग तेच लुगडं त्याच्या घड्या मोडू न देता पुन्हा बांधायचं. माझे हात पुरेसे वर जाईनात. घड्या तर जमल्याच नाहीत. तिसऱ्या लुगड्याला त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

"कॉलेज में पढ़ते हो?"

"हो."

"तो पढ़ो ना, बाबा. यह तो उसका काम है. उसकी तह देखो कभी, ब्लेड जैसी." त्यांनी माझी ढिली घडी बोटाने उचलून दाखवली.

मग त्यांना शेटजींनी आत बोलावलं, तसं ते लुगडं पुन्हा माझ्या हातांवर ठेवून ते गेले. मी घडी अर्धी मोडलेलं लुगडं हातांवर घेऊन उभा राहिलो. बसायला कोणी सांगितलं नाही. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते. किती वेळ गेला ते माहीत नाही, पण हात भरून आले होते. अखेर माल घेतला गेला. परत आल्यावर बाबांनी विचारलं, "मुनीम काय म्हणे?" मी म्हणालो, "काही नाही."

दादा अंगणात बसून होता. मी सायकल टेकवली तसा तो उठला, क्लिप पूर्ण खोलली आणि घासलेटच्या वाटीत टाकली. जुन्या ब्रशने दात घासू लागला. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"दादा, तुले मालूम होतं?"

"मशीनच्या तेलाचा वास मले समजत नाही काय बे?"

"मंग बाबाले सांगितलं काहून नाही?"

तो ब्रश चालवत राहिला. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं बोलेल आणि मला ते आयुष्यभर सहन करावं लागेल.

"सांगून काय भेटलं असतं?" तो म्हणाला. "काकाजी तुले बोलले असते, अन् गठ्ठा पुन्हा माह्या गळ्यात. मी बरा सुटलो, बाप्पा. चार वर्षं झाले त्या मुनीमापुढं हात वर करून उभा राहून राहिलो. तुले काय वाटे, तिथं मले हारतुरे घालतात? आज पहिल्यांदा शनिवारी दुपारी झोपलो मी. तुले पायजे होता ना गठ्ठा? घे, पोटभर घे."

आणि हसला. खरंच मजेत हसला.

मी जे चार वर्षं ओट्यावर बसून पाहत होतो, ज्याच्यासाठी जळत होतो, ते त्याने असं पायातली चप्पल काढावी तसं काढून ठेवलं होतं. मला तर ते नीट मिळालंही नव्हतं. मला दिसलं की बाबांनी गठ्ठा मला दिला नव्हता, त्याच्याकडून काढून घेतला होता आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्या हातांवर ठेवला होता. दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला तोवर समजलं नव्हतं.

अजून दोन शनिवार मी गेलो. दोन्ही वेळा बाबांनी तळव्यांचा वास घेतला. दादाशी ते कामापुरतं बोलत. त्याने एकदा नवी किनार काढून दाखवली तर बाबांनी पाहिली, पण ती दाखवणाऱ्याकडे पाहिलं नाही. दादा झोप काढतो म्हणाला होता खरा, पण इतवारीहून परतलो तेव्हा दोन्ही वेळा तो मागावरच बसलेला दिसला मला, धागा नेणारा धोटा हातात घेऊन, न विणता.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा गठ्ठा घेऊन आले. मी हात पुढे केलेच नाहीत.

"दाखव हात."

"बाबा, क्लिपमधी तेल मी टाकलं होतं."

ते तसेच उभे राहिले, गठ्ठा हातांवर.

"कवा?"

"ते लुगडं खराब झालं त्या दिवशी. सकाळी. कॉलेजपाशी. दादाले मालूम नव्हतं. मागून मालूम झालं."

मी हे चांगुलपणाने सांगितलं असं कोणाला वाटू नये. माझ्या मनात दादाची दया कमीच होती. बाबांनी मला एकदा तरी माझ्यासाठी म्हणून काही द्यावं, त्याच्यावर रुसून नाही, एवढंच मला हवं होतं. आणि ते खोट्यावर मिळणार नाही एवढी अक्कल मला आली होती.

बाबा आत वळून म्हणाले, "मोठ्या, बाहेर ये."

दादा आला. बाबांच्या हातातला गठ्ठा आणि माझं तोंड पाहून त्याने ओळखलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं! खाल्ला ना माह्या शनिवार!"

"तू काहून नाही बोलला?" बाबांनी त्याला विचारलं.

"तुम्ही कुठं इचारलं, काकाजी? तुम्ही तं बोलूनच राहिले होते."

मोठ्या माणसाने चूक कबूल करायची आमच्या घरी पद्धत नव्हती, शब्द नव्हते त्यासाठी. त्यांनी गठ्ठा दादापुढे धरला. दादाने आपले तळवे दाखवायला उलटे केले, तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं. गठ्ठा चार हातांवर राहिला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. मी ते पाहिलं. तो जुना हेवा गेला नव्हता.

मग बाबा मला म्हणाले, "उभा काय आहे? पाना घे. त्याच्या उंचीनं लाव."

क्लिप आता घासलेटने धुऊन कोरडी झाली होती. मी खाली बसलो. इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा. पुन्हा इकडे. बाबा माझ्या पाठीमागे उभे होते, त्यांची सावली क्लिपवर पडली होती आणि मला नीट दिसत नव्हतं, पण सरका म्हणायची हिंमत झाली नाही. जमेल तेवढं आवळलं. थाप मारली नाही.

दादा बसला, एकदा खाली-वर होऊन पाहिलं, म्हणाला, "चालते," आणि निघाला. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशी वळेपर्यंत बाबा त्याला पाहत होते. मी बाबांना पाहत होतो.

"नाक वर राहिलं सीटचं," ते म्हणाले.

"हो."

"इतवारीपर्यंत कंबर दुखन त्याची."

"पुन्हा बसवू काय? आवाज देऊ?"

"गेला आता," बाबा म्हणाले. आत जायला वळले आणि उंबऱ्यावर थांबले. "पुढच्या शनिवारी जरा खाली दाब. आवळायच्या आधी."

मी "बरं" म्हणालो. ते मागाच्या खड्ड्यात उतरले, खटखट सुरू झाली. मी पाना हातात घेऊन तिथेच बसून राहिलो आणि नुसत्या हवेत, नाक किती खाली दाबावं लागेल, ते तळहाताने दाबून पाहत राहिलो.